मॉडेल म्हणतं भट्टी ठणठणीत आहे. विश्वास ठेवायचा का?

अंबडचा_फाउंड्रीवाला:
नाशकात ब्लास्ट फर्नेस (खनिजापासून लोखंड बनवणारी उंच भट्टी) नाही, पण अंबड-सातपूरच्या कित्येक फाउंड्र्यांना तिच्यातलं कच्चं लोखंड, म्हणजे पिग आयर्न, लागतंच, म्हणून इथे टाकतोय. हल्ली जो तो भट्टीचं 'डिजिटल ट्विन', म्हणजे आतली स्थिती सांगणारं संगणकावरचं मॉडेल, विकतोय. माझं रोखठोक मत: आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. ट्वीयरसमोर (गरम हवा आत फुंकणाऱ्या नळीसमोर) २००० अंशांच्या वर तापमान, तिथे कुठला थर्मोकपल, म्हणजे तापमापक, टिकणार? वरच्या गॅसचं पृथक्करण, दाब आणि भिंतीतली तापमानं, एवढ्यावर पोटातलं चित्र रंगवायचं! त्यापेक्षा टॅपिंगला, म्हणजे वितळलेलं लोखंड बाहेर काढताना, धार बघून सांगणारा जुना फोरमन बरा.

भिलाई_रिटर्न:
दादा, धार दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. वरून टाकलेला माल खाली उतरायला सहा-आठ तास लागतात. लोखंडात सिलिकॉन कमी आला, म्हणजे भट्टी थंड पडतेय, म्हणून कोक (इंधन) वाढवला, तर परिणाम पुढच्या शिफ्टला. ती शिफ्ट सिलिकॉन चढला म्हणून कोक कापते. मग बसा हेलकावे खात. मॉडेल हवंय ते यासाठी. शिवाय कार्बन-ऑक्सिजनचा ताळेबंद हा काही कल्पनाविलास नाही. वरच्या गॅसमध्ये मोनॉक्साइड किती, डायऑक्साइड किती, यावरून गॅस आत किती कामी आला ते निघतं.
आणि कुणाला दिसत नाही कसं? जपानमध्ये १९७० च्या दशकात भट्ट्या विझवून थराथराने उलगडल्या. मऊ पडलेलं खनिज आणि कोक यांचे एकाआड एक थर तेव्हा डोळ्यांनी दिसले.

अंबडचा_फाउंड्रीवाला:
शवविच्छेदनावरून आजची नाडी सांगणार का?

गोदाकाठ:
दोघंही वरच्याच भागात अडकलात. खरी भीती हर्थची, म्हणजे वितळलेलं लोखंड साठतं त्या तळाची. कार्बनच्या विटांत थर्मोकपल बसवतात, त्यावरून ११५० अंशांची रेषा कुठे आहे ते मॉडेल काढतं, कारण साधारण तिथे लोखंड गोठतं. रेषा विटांपासून दूर, भट्टीच्या आत सरकली की अस्तर सुरक्षित. आता समजा तापमान उतरलं. मॉडेल म्हणणार, आत गोठलेला थर चढला, छान! पण विटेत भेग पडून पोकळी झाली तरी बाहेरचं तापमान उतरतंच. उष्णता पोकळीशी अडते आणि आतली बाजू उलट जास्त तापते. आकडा तोच, अर्थ नेमका उलटा.

भिलाई_रिटर्न:
म्हणून तर एकाच जागी कमी-जास्त खोलीवर दोन थर्मोकपल घालतात, काका. दोन्ही उतरले तर थर चढला. आतला चढला आणि बाहेरचा उतरला तर पोकळी.

गोदाकाठ:
पोकळी दोघांच्या मध्ये असेल तर कबूल. दोघांच्याही पुढे, आतल्या बाजूला असेल तर? दोन्ही उतरणार आणि तुम्ही थर चढला म्हणून पेढे वाटणार.

भिलाई_रिटर्न:
मग टायटॅनियमवालं खनिज टाकायचं. हर्थमध्ये त्याचे कार्बाइड-नायट्राइड जमून झिजलेल्या जागेला आडोसा होतो.

अंबडचा_फाउंड्रीवाला:
आणि ते कधी टाकायचं हे कोण सांगणार, मॉडेल? 😄