शंभर वर्षांच्या छत्रीला ‘अगं’ म्हणावं की ‘अहो’?

मदत हवी आहे. बारा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहितेय. काळ १६५७, मेइरेकीच्या आगीत एदो (आजचं टोकियो) जळालं त्याआधीचे दिवस.

वस्तू शंभर वर्षांची झाली की तिच्यात जीव येतो, ती त्सुकुमोगामी होते, ही जपानी लोकसमजूत. माझ्या गोष्टीत तेलकागदाची छत्री आहे: एक डोळा, एक पाय, वर्षअखेरच्या साफसफाईत फेकलेली, म्हणून दुखावलेली. ‘भूत’ लिहिलं तर उगाच भीती, ‘देवता’ लिहिलं की हात जोडले जातात. म्हणून मूळ शब्दच ठेवलाय, तळटिपा नकोत.

अडलंय संवादात. तेरा वर्षांची नायिका ‘अगं’ म्हणाली तर शंभरीचा मान जातो, ‘आजी’ म्हणाली तर नातं फार लवकर जुळतं. ‘अहो छत्री’ मोठ्याने वाचलं, तर भाचीला हसू फुटलं, आणि प्रसंग रडण्याचा आहे. पहिल्या भेटीत तिने काय हाक मारावी?