वर्षावनातील एकाच वंशाच्या उंदरांत गुणसूत्रांची संख्या इतकी वेगवेगळी का?

प्रश्न – अध्यापिका, शहादा

नमस्कार. मी शहाद्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. प्रत्येक जातीच्या गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते, हे आम्ही वर्गात सर्रास सांगतो आणि माणसाची ४६, घरातल्या लहान उंदराची ४० अशी उदाहरणे देतो. परंतु ॲमेझॉनच्या वर्षावनात राहणाऱ्या काटेरी उंदरांच्या प्रोएकिमिस या एकाच वंशात ही संख्या १४ पासून ६२ पर्यंत आढळते, आणि त्यातील अनेक जाती बाहेरून पाहून एकमेकींपासून वेगळ्या ओळखताही येत नाहीत, असे वाचल्यापासून वर्गातले ते वाक्य मला अपुरे वाटू लागले आहे. संख्येत एवढा फरक असेल तर या प्राण्यांची जनुकीय विविधताही तेवढीच मोठी मानायची का? आणि असे बदल वर्षावनातच का घडावेत? आपल्या सातपुड्याचे जंगल पानझडी आहे, वर्षावन नव्हे. तरीही विद्यार्थ्यांना जवळचे काही उदाहरण देता आले तर मला ते हवे आहे.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, धुळे

ताई, आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. गुणसूत्रांची संख्या म्हणजे डीएनए किती तुकड्यांत बांधलेला आहे त्याचा हिशेब, तर जनुकीय विविधता म्हणजे त्या डीएनएच्या मजकुरात एका प्राण्यापासून दुसऱ्या प्राण्यापर्यंत किती फरक आहे त्याचा. एकच ग्रंथ सहा खंडांत बांधला काय किंवा सेहेचाळीस खंडांत बांधला काय, आतला मजकूर जवळपास तोच राहू शकतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कृंतकांमधले (उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमधले) नाही, पण ते आपल्या सातपुड्यात राहते, म्हणून आधी तेच सांगतो. भेकराच्या मादीत गुणसूत्रे फक्त ६ असतात आणि नरात ७, तर त्याच वंशातील चिनी भेकरात ती ४६ आहेत. पूर्वजांची अनेक गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एकत्र आल्यामुळे ही संख्या इतकी खाली आली. या दोन जातींची संकरित पिल्ले बंदिवासात जन्मलेली आहेत. त्यांतील नराच्या पेशींत २७ गुणसूत्रे होती. ही पिल्ले जगली, मात्र त्यांना पुढे प्रजनन करता आले नाही. शरीर घडवण्यासाठी लागणारी माहिती दोन्हीकडे पुरेशी सारखी होती. अडचण आली ती जननपेशी तयार होताना.

उंदरांमध्ये सर्वाधिक आढळणारा बदल म्हणजे रॉबर्टसनी संयोग. रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये टोळांच्या गुणसूत्रांवरून तो मांडला, म्हणून हे नाव. गुणसूत्राच्या दोन बाजूंना, म्हणजे भुजांना, जोडणारी जागा म्हणजे गुणसूत्रबिंदू. ज्यांचा हा बिंदू अगदी टोकाला असतो अशी दोन गुणसूत्रे त्या बिंदूशी जुळतात आणि दोन भुजांचे एक गुणसूत्र तयार होते. संख्या कमी होते, पण भुजांची एकूण संख्या तीच राहते. म्हणूनच अभ्यासक संख्येबरोबर भुजाही मोजतात. प्रोएकिमिसमध्ये संख्येबरोबर भुजांची संख्याही बदलते, आणि त्यावरून तिथे केवळ संयोग झालेले नसून तुकडे उलटे बसणे किंवा एका गुणसूत्राचा भाग दुसऱ्यावर जाणे असे इतर बदलही झाले आहेत, हे कळते. माझ्या मते विद्यार्थ्यांना हा भुजांचा हिशेब फळ्यावर आकृती काढून दाखवला, तर निम्मा विषय तिथेच उलगडेल.

आता खरा कठीण भाग. नवा संयोग सुरुवातीला एकाच प्राण्यात असतो आणि त्याचा जोडीदार जुन्या मांडणीचा असतो. त्यांच्या पिल्लांत अर्धगुणसूत्री विभाजनाच्या, म्हणजे जननपेशी तयार करणाऱ्या विभाजनाच्या, वेळी एक जोडलेले आणि दोन सुटी अशी तीन गुणसूत्रे एकत्र येतात, आणि त्यांची वाटणी चुकली तर जननपेशी निकामी होते. एकच संयोग असेल तर उंदरांमध्ये हा तोटा बहुधा थोडा असतो. परंतु दोन गटांत वेगवेगळ्या भुजा एकमेकींना जोडल्या गेल्या असतील, म्हणजे एका गटात पहिली दुसरीला आणि दुसऱ्या गटात पहिली तिसरीला, तर संकरात लांबलचक साखळ्या तयार होतात आणि वंध्यत्व येते. तोट्याचा बदल टिकतो कसा, याचे एक उत्तर असे की लहान, एकाकी गटांत तो केवळ योगायोगानेही सर्वत्र पसरू शकतो; दुसरे असे की मादीत बीजांड तयार होताना चारांपैकी एकच पेशी पुढे जाते, आणि त्या निवडीत जोडलेल्या गुणसूत्राचे पारडे कधी कधी जड ठरते. ही दुसरी शक्यता मला अतिशय महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात प्राण्याच्या शरीराला काहीही फायदा होत नसताना गुणसूत्राची मांडणी पसरत जाते.

उत्तर – संशोधक विद्यार्थी, जळगाव

सरांच्या विवेचनाशी मी सहमत आहे. मात्र "वर्षावनातच का" या भागावर स्वतंत्रपणे लिहावेसे वाटते, कारण प्रश्नातील ते गृहीतक मला मान्य नाही. सस्तन प्राण्यांतील सर्वाधिक गुणसूत्रसंख्या, १०२, ज्या टिंपॅनोक्टोमिस या उंदरात आढळते, तो अर्जेंटिनाच्या कोरड्या, खारट जमिनीवर राहतो. अटलांटिक महासागरातील मदेइरा बेटावर माणसाबरोबर जहाजांतून पोहोचलेल्या घरगुती उंदरांचे, ४० ऐवजी २२ पर्यंत खाली आलेल्या संख्येचे, सहा वेगळे गुणसूत्री गट डोंगरदऱ्यांनी वेगळ्या झालेल्या वस्त्यांत काही शतकांतच तयार झाले. तिथे वर्षावन नाही, पण लहान आणि तुटलेल्या वस्त्या आहेत. पावसापेक्षा हा एकाकीपणा महत्त्वाचा आहे.

वर्षावनाचा भाग असा की तिथे हा एकाकीपणा फार जुना असू शकतो. निसर्ग-अभ्यासक वॉलेस यांनी १८५२ मध्ये ॲमेझॉनच्या माकडांवरून लिहिले, की मोठ्या नद्यांच्या दोन काठांवर वेगळ्या जाती राहतात. प्राणिशास्त्रज्ञ जेम्स पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम ब्राझीलमधील जुरुआ नदीच्या दोन्ही काठांवर उंदीर आणि इतर लहान सस्तन प्राणी पकडून त्यांच्या तंतुकणिकांतील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील) डीएनएची तुलना केली, तेव्हा समोरासमोरचे काठ नव्हे, तर नदीचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून अधिक वेगळे निघाले. ती सीमा आज डोळ्यांना न दिसणाऱ्या, जमिनीखाली गाडल्या गेलेल्या इकितोस उंचवट्याच्या जवळून जाते. म्हणजे आजच्या नकाशावर जंगल सलग दिसत असले, तरी त्यातील वंशावळी भूगर्भातील जुन्या हालचालींनी विभागलेल्या असू शकतात.

याची उलट बाजूही तितकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. सांडपाण्याच्या गटारांतला तपकिरी उंदीर, पॅसिफिक बेटांवरचा छोटा उंदीर आणि आपल्या शेतांतली बिळे करणारी लहान घूस या तीन जातींत गुणसूत्रे ४२ च आहेत, परंतु त्यांच्या डीएनएत लाखो वर्षांचे अंतर साचलेले आहे. केवळ संख्या मोजणाऱ्याला हे अंतर दिसणार नाही, आणि केवळ डीएनएचा एखादा तुकडा वाचणाऱ्याला मदेइराचे गट दिसणार नाहीत. ॲमेझॉनच्या झाडांवर राहणाऱ्या ओएकोमिस या वंशातही संख्या ५४ पासून ८६ पर्यंत जाते आणि त्यातील काही गटांना अजून जातीचे नाव मिळालेले नाही. अशा वेळी दोन्ही पुरावे एकाच प्राण्यापासून घेतले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. भेकराचे उदाहरण मी पुढच्याच तासाला घेणार आहे. एक शंका राहिली: आपल्या भागात केळीच्या बागा, कापसाची शेते आणि जंगल हे सारे जवळजवळ आहे. इथल्या उंदरांवर असे काही काम झाले आहे का, किंवा करता येईल का?

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, धुळे

ताई, भारतातील कामाची परंपरा चांगली आहे. बनारस हिंदू विद्यापीठात शेतातल्या म्यूस टेरिकलर या लहान उंदरावर दीर्घकाळ काम झाले. त्याची संख्या घरातल्या उंदरासारखी ४० च आहे, पण काही जोड्यांवर गडद रंगणाऱ्या, जनुके जवळपास नसलेल्या पदार्थाच्या आखूड भुजा वाढलेल्या आढळतात, आणि त्यांच्या मांडणीवरून या उंदराचे तीन प्रकार ओळखले गेले. संख्या स्थिर राहूनही गुणसूत्र बदलते, हे यातून स्पष्ट होते.

काळ्या उंदराचे उदाहरण तर घराच्या माळ्यावरचे आहे. आशियातील मूळ प्रकारात ४२ गुणसूत्रे आहेत, श्रीलंकेत ४० असलेला प्रकार आहे, आणि जहाजांतून युरोप व अमेरिकेत पसरलेल्या प्रकारात ३८. जपानी अभ्यासक योसिदा यांनी ही घट रॉबर्टसनी संयोगांनी झाल्याचे आणि ३८ चा प्रकार दक्षिण भारताशी जोडलेला असल्याचे मांडले. याच समूहातला सह्याद्रीच्या दाट जंगलातला रॅटस सातारी हा उंदीर १९१८ मध्ये साताऱ्याच्या नावाने वर्णिला गेला, पुढे काळ्या उंदरातच धरला गेला, आणि डीएनए व शरीररचना या दोन्हींच्या आधारे २०११ मध्ये पुन्हा स्वतंत्र जाती म्हणून मान्य झाला.

जंगल तुटल्यावर काय होते, याचा इशारा थायलंडमधून मिळतो. तिथे च्यू लान जलाशयात १९८७ च्या सुमारास डोंगरमाथ्यांची बेटे झाली. १० हेक्टरांपेक्षा लहान बेटांवरून मूळचे लहान सस्तन प्राणी पाच वर्षांत, आणि १० ते ५६ हेक्टरांच्या बेटांवरून पंचवीस वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले; त्यांच्या जागी बाहेरून आलेला एक मलायी शेतउंदीर पसरला. प्राणी संपण्याआधीच त्यांची जनुकीय विविधता घटू लागली होती. सरदार सरोवराचे पाणी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत शिरलेले असताना, आपल्याकडेही तुटलेल्या जंगलतुकड्यांतील उंदरांची अशी नोंद व्हायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

कामाचे म्हणाल तर डीएनएसाठी कानाचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला तरी पुरतो आणि प्राणी सोडून देता येतो. गुणसूत्रांसाठी मात्र विभाजन होत असलेल्या जिवंत पेशी लागतात. अस्थिमज्जेला पेशीविभाजन मध्येच थांबवणारे कोल्चिसिन, मग पोटॅशियम क्लोराइडचे सौम्य द्रावण आणि त्यानंतर मिथेनॉल व ॲसेटिक आम्लाचे मिश्रण देऊन काचपट्टी तयार होते. हे काम महाविद्यालयाच्या प्राणी-नीतिसमितीच्या मान्यतेनेच करावे. यावल किंवा अनेर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय सापळा लावता येत नाही, म्हणून सुरुवात बांधावरच्या आणि केळीच्या बागेतल्या उंदरांपासून करावी. तिथे शेतकरी स्वतःच सापळे लावतात, त्यांना आधी विचारून नमुने घेता येतील.