कोलाजचा कागद फुगतो, काय करावं?

गोदाकाठची: रात्री भांडी आवरली की जुन्या लग्नपत्रिका, द्राक्षांच्या पेटीतले कागद, वर्तमानपत्रं घेऊन बसते. मग घरच्यांनी हाका मारल्या तरी ऐकू येत नाही! सध्या कागदाचे तुकडे चिकटवून नाशिकच्या गोदावरीवरच्या रामकुंडाचं चित्र चाललंय. कात्री सोडलीये, कारण पत्रिका हाताने फाडली की पांढरी कड निघते, तिचीच लाट होते. पण फेव्हिकॉलने फुगे येतात. शिवाय वर्तमानपत्र पिवळं पडतं.

कागदकिडा: फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, कागद ओला झाला की फुगणारच. ग्लू स्टिक घ्या. नाहीतर अगदी पातळ थर लावून, वर बटर पेपर घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, तो उजेडाने पिवळा पडतो. हवं ते पान झेरॉक्स करून वापरा.

पंचवटीकर: झेरॉक्सला ती मजा नाही हो. चित्रकार पिकासोने १९१२ मध्ये आपल्या चित्रांत चिकटवलेली वर्तमानपत्रंही आता तपकिरी झालीत, कुणाचं काय बिघडलं?

गोदाकाठची: हे पटलं, पडू दे पिवळं. बटर पेपर उद्याच आणते. पत्रिकेवरचा गणपती मात्र फाडवत नाही. डबाभर गणपती साठलेत. तुम्ही त्यांचं काय करता?