पाडव्याची आवराआवर आणि आपला जिना

सेक्रेटरी, अ-२०३: सर्वांना नमस्कार. गुढीपाडवा आठवड्यावर आला. घरोघरी माळे उपसणं चालू आहे, उत्तम. पण घरातून निघालेलं सामान जिन्यात मुक्कामाला येतंय. ब विंगला तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे एक ट्रेडमिल, दोन गाद्या, जुना डबा टीव्ही आणि शोकेसचं दार उभं आहे. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आपण दर जानेवारी-जुलैत अग्निशमन दलाला फॉर्म बी देतो. त्यात आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र असतं, पण धुरात लाईट गेले तर त्या ट्रेडमिलला अडखळून पडणार कोण?

दादा, क-३०४: ट्रेडमिल कुणाची ते अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. निदान टॉवेल वाळायचे तिच्यावर.

ब-३०२: आमचीच आहे. भंगारवाला वजन बघून पळतो. रविवारपर्यंत हलवतो, प्लीज फोटो टाकू नका.

आजोबा, अ-१०२: महिनाभर आधी आवरलं असतं तर शोकेसचं दार होळीत गेलं असतं.

ताई, ब-२०२: आजोबा, ते प्लायवूड आहे, वर सनमायका. डिंक आणि वार्निश जळल्यावर जो धूर होतो त्यात पुरणपोळीचा वास तरी येईल का?

आजोबा, अ-१०२: आमच्या वेळी सागवान होतं.

काकू, ब-४०१: गाद्या आमच्या आहेत, म्हणून मीच लिहिते. त्यातली एक कापसाची आहे, ती मी टाकणार नाही. पिंजून घेतली की पुन्हा नवी होते. पिंजारी कुणाला दिसला तर थांबवा. कडक ऊन आहे तोवर गच्चीवर वाळवता येईल. दुसरी फोमची, ती मात्र कुणीच घेत नाही. कापसाची गादी पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि फोमची दहा वर्षांत डोक्यावर बसते, हे घेतानाच कळायला हवं.
आता बाकीचं. जुन्या जरीच्या साड्या कामवाल्या मावशींना देण्याआधी काठ बघा. खरी जर असेल तर त्यात चांदी असते, ती घेणारे अजून दारावर येतात. एक्स-रेच्या फिल्मचंही तेच, त्यातही चांदी, रद्दीत फुकट देऊ नका. सुती साड्या माझ्याकडे द्या, गोधडी शिवणाऱ्या बाई ओळखीच्या आहेत. आणि मळकट, उसवलेले, गुंड्या नसलेले कपडे ‘गरिबांना’ म्हणून पिशवीत भरू नका. आपण जे अंगाला लावणार नाही ते दुसऱ्याने लावावं, हे दान कसलं? त्यांची फडकी करा.

ताई, ब-२०२: काकू, शेवटचं वाक्य नोटीस बोर्डावर लावा. गेल्या वर्षीच्या कपडे संकलनात एकच मोजा आला होता. एक.

दादा, क-३०४: डब्बा टीव्ही भंगारात चालेल ना?

अ-३०१: नको. त्याच्या काचेत शिसं असतं. भंगारात तांब्यासाठी फोडतात आणि काच कुठेतरी ढिगाऱ्यावर जाते. ई-कचरा घेणाऱ्या संस्थेलाच द्यायचा. ट्यूबलाईट आणि सीएफएलमध्ये पारा, त्याही वेगळ्या. फुगलेली पॉवर बँक किंवा मोबाईलची बॅटरी सुक्या कचऱ्यात अजिबात नको, घंटागाडीत दाबली गेली की पेट घेते. माझ्याकडे खोका ठेवलाय, आणून टाका. फोन देण्याआधी कार्ड काढा आणि रीसेट करा, फोटो बघण्यात मला रस नाही.

सेक्रेटरी, अ-२०३: फुटकी काच आणि ब्लेड कागदात गुंडाळून, वर लिहून द्या. कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई हाताने वेगळं करतात. कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून त्यांच्यासाठी झगडते आहे, आपल्याला निदान पेनने ‘काच’ लिहिता येईल.

आजी, क-१०१: मला एक सांगा. देवाच्या जुन्या तसबिरी नऊ-दहा निघाल्यात. सासूबाईंच्या वेळच्या. काचा तडकल्यात. नातू म्हणतो पिंपळाखाली ठेवून येऊ.

दादा, क-३०४: आजी, पिंपळाखाली अगोदरच दत्ताचे सहा फोटो उन्हात उभे आहेत.

ब-३०२: नदीत सोडतात ना?

ताई, ब-२०२: कुठल्या नदीत? मुठेत? काच, खिळे आणि सोनेरी पट्टीसकट?

काकू, ब-४०१: आजी, मी सांगू? घरीच अक्षता वाहून उत्तरपूजा करा, जशी गणपतीची करतो. मग मागचे खिळे काढून चौकट, काच आणि चित्र वेगळं करा. चौकट लाकडाची असेल तर कुणीही घेईल. कागद बादलीत भिजत घाला, लगदा झाला की झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळा. मात्र आधी नीट बघा, जुना लिथो (शिळाछापाचं चित्र) असेल तर जपून ठेवण्यासारखा असतो.

आजी, क-१०१: चालेल. एक लक्ष्मी ठेवते, बाकीच्यांची पूजा एकादशीला करते. खिळे काढायला कुणीतरी या.

अ-३०१: मी येतो आजी. पक्कड आहे.

ब-१०१ (न्यू जर्सीहून): इथे थंडी सरली की लोक गॅरेज उघडून जुनं सामान विकायला मांडतात. आपल्या पार्किंगमध्ये एक सकाळ मांडायची का? पैसे नकोत, ज्याला हवं त्याने न्यावं.

सेक्रेटरी, अ-२०३: कल्पना बरी आहे. अट एकच, दुपारी उरलेलं ज्याचं त्याने घरी न्यायचं. नाहीतर ते पुन्हा जिन्यात येईल आणि मी पुन्हा हाच मेसेज लिहीन.
रद्दी देताना आणखी एक. जुन्या फायली आंधळेपणाने देऊ नका. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, फ्लॅटचा मूळ करारनामा, इंडेक्स टू (त्याच्या नोंदणीचा उतारा) आधी बाजूला काढा. शेअर सर्टिफिकेट हरवलं तर पोलिसांत तक्रार, पेपरात नोटीस, बाँड, एवढी वरात निघते. फ्लॅट विकायच्या वेळी आठवण येते आणि मग फोन मला येतो.

आजोबा, अ-१०२: दिवाळी अंकांचं काय? १९७८ पासूनचे आहेत. मंडळींनी अल्टिमेटम दिलाय.

ताई, ब-२०२: आजोबा, रद्दीत घालू नका!! मी येते बघायला.

आजोबा, अ-१०२: ये. पण वाचून परत दे.

ताई, ब-२०२: आजोबा, मग ते कमी कसे होणार?

आजोबा, अ-१०२: कमी करायचेत असं मी कुठे म्हणालो?

काकू, ब-४०१: बोहारीण गेटवर आली आहे, वॉचमनने आत्ता फोन केला. जुने कपडे देणाऱ्यांनी खाली या. मला स्टीलचं पातेलं हवंय, भाव मी करते.