मदत हवी आहे: अंगणातील कृत्रिम हिरवळीच्या पटिंग ग्रीनसाठी पाया कसा करावा?

तापीकाठ (भुसावळ): नमस्कार. मागच्या अंगणात वडिलांसाठी कृत्रिम हिरवळीचे पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच टोलवून छिद्रात घालण्याची जागा, करावयाचे आहे. ते लष्करात असताना नियमित गोल्फ खेळत. निवृत्तीनंतर गावी आल्यापासून तो खेळ सुटला आहे आणि त्याची त्यांना फार रुखरुख वाटते. हिरवळीचे रोल घरी येऊन पडले आहेत. एक ठेकेदार म्हणतो, जमीन चोपून वर सरळ अंथरा. दुसरा काँक्रीट केल्याखेरीज कामच घेणार नाही म्हणतो. पावसाळा तोंडावर आला आहे, तेव्हा दोघांपैकी कोणाचे ऐकावे एवढेच कृपया लवकर सांगावे.

मुरूम_खडी (धुळे): भाऊ, जागेची माती कोणती, लांबी-रुंदी किती, उतार कोणत्या बाजूला आणि अंगणातले पाणी सध्या कोठे जाते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हिरवळीच्या पात्यांची उंची किती मिलिमीटर आहे, तेही कळवावे. या माहितीशिवाय दिलेला सल्ला म्हणजे अंधारात मारलेला दगड ठरेल.

केळीबाग (रावेर): मुळात प्लास्टिक अंथरायचेच कशाला? गोल्फच्या मैदानांवर जिला बर्म्युडा म्हणतात, ती आपल्या बांधावरची हरळीच आहे. जी हरळी आपण जन्मभर खणून काढतो ती अंगणात मुद्दाम वाढवावी, ठिबक अथवा तुषार सिंचन लावावे, पैसेही वाचतील.

पांझराकाठ: काका, हरळी तीच, पण पटिंग ग्रीनवरचे गवत साधारण ३-४ मिलिमीटरवर राखावे लागते, त्यासाठी वेगळे कापणी यंत्र आणि जवळजवळ रोजची कापणी लागते. शिवाय भर उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी नसताना गवताला पाणी घालणे मनाला पटत नाही.

केळीबाग (रावेर): विहिरीचे पाणी असेल तर? त्यांनी तसे कोठे लिहिले आहे?

तापीकाठ (भुसावळ): विहीर नाही आणि गवत लावायचे नाही. माती काळी आहे. जागा २० बाय १२ फूट. उतार थोडा घराकडेच आहे आणि पावसाळ्यात ओट्याच्या पायरीपाशी पाणी साचते. पाती ४० मिलिमीटरची आहेत; विक्रेत्याने हीच सर्वांत मऊ आणि उत्तम असे सांगितले. आता तरी कोणी स्पष्ट उत्तर द्यावे.

मुरूम_खडी (धुळे): आता उत्तर देता येते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्याच कुंपणाच्या भिंतीलगत या दिवसांत बोट सहज आत जाईल एवढी भेग पडलेली दिसेल. त्या मातीवर सरळ अंथरलेली हिरवळ पहिल्याच पावसानंतर उंचसखल होईल, आणि पटिंगमध्ये अर्ध्या इंचाचा उंचवटाही चेंडूची वाट बदलतो. म्हणून निदान ९ ते १२ इंच काळी माती काढून टाकावी, तळाशी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे) कापड घालावे, मुरूम थरांनी भरून प्रत्येक थर किंचित ओला करून प्लेट कॉम्पॅक्टरने (जमीन चोपण्याच्या यंत्राने) दाबावा, त्यावर ३-४ इंच बारीक खडी आणि शेवटी इंचभर दगडाची कच घेऊन फळीने साधावी. मात्र खालची माती पाणी मुरू देत नाही, त्यामुळे खणलेला भाग हौदासारखा भरून राहील. तळाला छिद्रांचा पाइप टाकून तो अंगणाबाहेर काढणे आणि संपूर्ण उतार घरापासून दूर, शंभर फुटांना एक-दोन फूट या बेताने फिरवणे, हेच या कामातले खरे काम आहे. हिरवळ अंथरणे त्या मानाने सोपे.

स्लॅबवाला: मुरुमावर मुरूम कशाला? चार इंची काँक्रीट एकदा घातले की प्रश्न मिटला. माझ्या अंगणात मी तेच केले आहे.

मुरूम_खडी (धुळे): आपले अंगण मुरमाड जमिनीवर असेल तर स्लॅब टिकेल. काळ्या मातीवर माती न बदलता घातलेला स्लॅबसुद्धा तडकतो, म्हणजे खोदाई चुकत नाहीच. शिवाय छिद्रांचे कप आधीच बसवून ठेवावे लागतात; नंतर जागा बदलायची तर काँक्रीटला गोल भोक पाडणारा कोअर कटर आणावा लागतो.

गोल्फवेडा: ग्रीनचा वेग मोजण्याचे स्टिंपमीटर हे साधन १९३५ मध्ये एडवर्ड स्टिंपसन यांनी तयार केले. उतरत्या पट्टीवरून सोडलेला चेंडू किती फूट जातो, तोच ग्रीनचा वेग.

पांझराकाठ: माहिती चांगली आहे, पण ४० मिलिमीटरच्या पात्यांत चेंडू रुतेल, तेथे वेग काय मोजणार? ही हिरवळ बागेसाठी असते. पटिंगसाठी १० ते १५ मिलिमीटरची, दाट, नायलॉन अथवा पॉलिप्रॉपिलिनची पाती हवीत. विक्रेता बदलून देतो का विचारावे. न दिल्यास मधल्या भागापुरती आखूड घ्यावी आणि आणलेली कडेने चौकटीसारखी लावावी. दोन पट्ट्या जोडताना पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवावा, नाहीतर जोडावर चेंडू वळतो. वरून सिलिका वाळू झाडूने पात्यांत बसवावी. छिद्र सव्वाचार इंच व्यासाचे असते.

वाघूरकाठ: मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि कृत्रिम हिरवळ हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. पाणी शिंपडले तरी गारवा थोडाच वेळ टिकतो. वडिलांनी सकाळी अथवा दिवेलागणीनंतरच खेळावे आणि अनवाणी उतरू नये. जवळ आरशासारख्या काचांची खिडकी असल्यास परावर्तित उन्हाने पाती वितळू शकतात, हेही पाहावे.

तापीकाठ (भुसावळ): सर्वांचे मनःपूर्वक आभार. विक्रेत्याशी बोललो, न उघडलेले रोल तो परत घेणार आहे. खोदाई आता करावी, की पाऊस संपल्यावर?

मुरूम_खडी (धुळे): मृगाच्या तोंडावर खड्डा उघडा ठेवू नये, भिजलेल्या काळ्या मातीवर कॉम्पॅक्टर चालत नाही. दसऱ्यानंतर, माती वाफशावर आल्यावर काम काढावे. तोपर्यंत पावसात ओट्याशी पाणी कोठून येते आणि कोठे थांबते ते पाहून चुन्याने खुणा करून ठेवाव्यात. पाइप त्या खुणांवरूनच टाकायचा आहे.