ढोल वाजला की कुत्रं घरभर फिरतं: पळवून उपयोग नाही

नाशिकच्या गंगापूर रोडला ढोलपथकाचा सराव सुरू झाला की तुमचा लॅब्रॅडॉर येरझाऱ्या घालतो, काय करावं, असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर कुणी तरी ‘गोदापार्कवर पळवून दमवा’ असा सल्ला दिलाय. घाबरलेलं कुत्रं पळवून आणखी चेकाळतं हो! येरझाऱ्यांच्या आधी त्याचं तोंड बघा. खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभया, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, ही ताणाची लक्षणं. तेव्हाच आतल्या खोलीत न्या, पंखा मोठा करा, जुन्या टॉवेलच्या घड्यांत पोळीचे तुकडे लपवून द्या. हुंगण्यात गुंतला की बराच निवळतो. स्वतःहून चिकटला तर खुशाल कुरवाळा, त्यानं भीती वाढत नाही. मात्र आवाज नसतानाही रात्री-अपरात्री फिरत असेल, तर आधी डॉक्टरांकडून कान आणि सांधे तपासून घ्या.