गिऱ्हाईक चुकलं तर त्याला 'चुकलं' म्हणायचं की नाही?

गादीवरून
आमचं सांगलीला साड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. अजून गादीच आहे, काचेचे काउंटर केले नाहीत. तुळशीचं लग्न झालं की बस्ते सुरू होतात आणि मग घरात कुणाला धड जेवायला वेळ नसतो. अशाच एका गर्दीच्या मंगळवारी एक काकू सेमी पैठणी परत घेऊन आल्या, शुक्रवारी नेलेली, ६,८०० ची. म्हणाल्या घरात कुणालाच रंग आवडला नाही, घडीसुद्धा मोडली नाही, पैसे परत द्या.

आमच्याकडे एक मुलगी तीन वर्षं कामाला आहे, तिच्या हाताला साडी कळते. तिने उलगडून बघितली तर खांद्यावर पदर येतो त्या जागी सेफ्टीपिनची दोन भोकं, निऱ्यांची मोड तशीच, आणि काठाला हळदीचं बोट पुसलेलं. गजऱ्याचा वास तर पिशवी उघडल्या उघडल्या आला. ती हळूच म्हणाली, काकू, साडी नेसलेली आहे हो. एवढंच. त्यावर त्या बाई उभ्या राहून ओरडायला लागल्या, मला खोटारडी म्हणतेस, तुझी लायकी काय, मालकाला बोलव. समोर गादीवर बस्त्याची वीस-बावीस माणसं बसलेली. बाबा उठले, पैसे परत दिले आणि त्या मुलीला म्हणाले, काकूंना सॉरी म्हण. तिने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण आता परत आलेल्या मालाला हातच लावत नाही, मला हाक मारते.

घरी आमचं चांगलंच वाजलं. बाबांचं म्हणणं, सहा हजारांची साडी गेली तर गेली, तमाशा वाढला असता तर दीड लाखाचा बस्ता उठून गेला असता, आणि गिऱ्हाईक देव असतं हे आजोबा सांगून गेलेत. माझं म्हणणं असं की पैसे परत देणं हा आपला धंद्याचा हिशोब, तो आपण करावा, पण त्या मुलीचं सॉरी आपलं नव्हतंच, ते आपण परस्पर देऊन टाकलं. ती खरं बोलली होती. तुम्हाला काय वाटतं?

पावती_जपून
ताई, त्या मुलीबद्दल पूर्ण सहमत. पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण या विषयावर दुकानदार लिहितात तेव्हा सगळी गिऱ्हाइकं नेसलेली साडी परत आणणारीच वाटायला लागतात.

गेल्या दिवाळीत मुलासाठी कुर्ता घेतला, पहिल्याच धुण्यात रंग उतरला, बरोबरचा पांढरा पायजमा गुलाबी. पावती घेऊन शांतपणे गेलो. मालकाने वर बघितलंसुद्धा नाही, बोट करून पाटी दाखवली, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. आता ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, जुलै २०२० पासून लागू, त्यात सरळ लिहिलंय की सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल दिली तर ३० दिवसांत परत घ्यायचा. तरी ही पाटी निम्म्या दुकानांत लटकतेय. मी कायदा सांगितला तर म्हणे मग जा कोर्टात.

माझ्या शेजारी एक जण त्याच दुकानात तशाच कुर्त्यासाठी गेला आणि त्याने दारात उभं राहून आरडाओरडा केला. त्याला दहा मिनिटांत बदलून मिळाला. म्हणजे पावती घेऊन नीट बोलणाऱ्याला पाटी आणि ओरडणाऱ्याला नवा कुर्ता. तुमच्या बाबांनी पण तेच केलं की. त्या काकू हळू आवाजात आल्या असत्या तर पैसे मिळाले असते का, खरं सांगा. ओरडायचं आम्हाला दुकानदारांनीच शिकवलंय.

आणि 'गिऱ्हाईक देव' कुणी फुकटात नाही दिलेलं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ ला पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा वजनात मारलेलं आणि भेसळ केलेलं लोक मुकाट्याने घरी नेत होते. कायदा व्हायला १९८६ उजाडलं. एवढं करून मिळालेला आवाज आता 'गिऱ्हाइकं माजलीत' म्हणून दाबायला निघू नका एवढंच.

शेवटचा_शो
मी मल्टिप्लेक्सला चार वर्षं काढली, आधी टॉर्च घेऊन हॉलमध्ये, मग खाण्याच्या काउंटरवर. कुठलं ते सांगत नाही. साडीचं वाचलं आणि माझंच आठवलं.

रविवार संध्याकाळ, हाउसफुल. आधीचा शो उशिरा सुटलेला, हॉल झाडायला पंधरा मिनिटं पण नाही मिळाली, सीटखाली पॉपकॉर्न तसाच, बाहेर दारावर माणसं ढकलतायत. पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली तर दोघं जण आले, म्हातारी बाई आणि त्यांचा मुलगा, तिकीट एच १२-१३. तिथे दुसरंच कुटुंब बसलेलं, त्यांची तिकिटं पुढून दुसऱ्या रांगेची. मी खाली वाकून टॉर्च तिकिटावर मारला, मुद्दाम चेहऱ्यावर नाही मारला, आणि म्हटलं सर आपल्या सीट पुढे आहेत. तर म्हणे पिक्चर सुरू झालाय आता उठवतोस का, त्यांना बसव पुढे, आम्ही पण पैसे दिलेत. मागून लोक ओरडतायत बसा खाली बसा खाली. ती म्हातारी बाई पायऱ्यांवर भिंतीला धरून उभी. मी तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्या माणसाने माझा हात झटकला, टॉर्च खाली पडला, फुटला.

मॅनेजर आला. त्याने काय करावं? त्या माणसाला इंटरव्हलचं कूपन दिलं, म्हातारीला दुसऱ्या हॉलच्या रात्रीच्या शोची तिकिटं दिली, आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की गेस्टशी बोलताना टोन सांभाळ. टोन! कुजबुजत होतो मी. त्या बाई जाताना मला म्हणाल्या, बाळा तुझी चूक नव्हती. तेवढंच घेऊन घरी गेलो त्या रात्री.

पावतीवाले दादा, तुमचा कुर्त्याचा मुद्दा मान्य आहे. पण ज्याला तुम्ही ओरडायचा हक्क म्हणताय तो मालकापर्यंत कधीच पोचत नाही, तो मधेच आमच्यासारख्यांच्या अंगावर संपतो.

चौथी_रांग
सीटचा किस्सा वाईटच, त्या माणसाला बाहेर काढायला हवं होतं. पण थेटरात माणसं एवढी चिडलेली का असतात त्याचाही विचार करा ना. चौघांची तिकिटं काढली, आत गेलो, बॅगेतून आईच्या डब्यातली भाकरी-भाजी काढून ठेवायला लावली. आईला मधुमेह आहे, वेळेवर खावंच लागतं. आतमध्ये तिला खाता येईल असं काय होतं तर काही नाही, नाचोज आणि कोल्ड्रिंक. पॉपकॉर्न तिकिटापेक्षा महाग. पाणी मागितलं तर बाटलीकडे बोट.

२०१८ ला नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांनी सांगितलं होतं की बाहेरचं खाणं नेऊ द्यावं लागेल, आम्ही खूश झालो, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने हायकोर्टात उलटी भूमिका घेतली. मग ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की थेटर ही खाजगी मालमत्ता, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही ते मालक ठरवेल. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलबीचं उदाहरण दिलं होतं, कोणी जिलबी खाऊन हात सीटला पुसले तर साफ करायचे पैसे कोण देणार. ठीक, पण त्याच सुनावणीत हेही स्पष्ट झालं की पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत नेऊ द्यायचं. ते फुकटचं पाणी कुठे असतं? संडासाच्या शेजारी कोपऱ्यात, ग्लास नाही. मी विचारलं म्हणून काउंटरवरचा मुलगा वैतागला. आता सांगा मी डिमांडिंग का? माझ्यासमोर तोच उभा आहे, मालक मुंबईत की दिल्लीत बसलाय मला काय माहीत, मी बोलू कुणाशी?

शेवटचा_शो
बोला ना ताई, पाणी मागणं डिमांडिंग नाहीच. मागायलाच पाहिजे. आईंचा डबा मी असतो तर बघून न बघितल्यासारखं केलं असतं, आम्ही बरेच जण करायचो, पण कॅमेरा असला तर आमचा पगार कापला जातो हेही खरं आहे.

फक्त एक सांगतो. त्याच २०१८ ला पुण्यात पॉपकॉर्नच्या भावावरून एका मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मारलं होतं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. त्याने ठरवला होता का भाव? नोकरी करणारा माणूस तो. लोकांनी कमेंटमध्ये लिहिलं होतं बरं झालं. आमच्या स्टाफरूममध्ये तो व्हिडिओ सगळे जण गप्प बसून बघत होते, काउंटरवरच्या एका मुलीने घरी फोन करून सांगितलं की आज उशीर झाला तर काळजी करू नका.

बारा_तास_उभी
दादरला एका मोठ्या शोरूमला सहा वर्षं होते. मालकाने बाजू घ्यावी का नाही यावर सगळे बोलताय, मला ते खूप नंतरचं वाटतं. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, भिंतीला टेकलं तरी सुपरवायझर बघायचा. संडासला जायला विचारून जायचं आणि दिवाळीत तर पाणीच कमी प्यायचो आम्ही सगळ्या. संध्याकाळी सातला पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात आणि तेव्हा कुणी म्हणतं, ती वरची दाखव, ती नाही, तिच्या मागची. तेव्हा माझं तोंड वाकडं व्हायचं. गिऱ्हाईक म्हणायचं काय उर्मट बाई आहे. मी उर्मट नव्हते, माझे पाय दुखत होते.

केरळमध्ये कोझिकोडच्या सेल्सगर्ल्सनी यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि २०१८ ला तिथे दुकानाच्या कायद्यात बसायचा हक्क आला. तामिळनाडूने २०२१ ला केलं. एक स्टूल. त्यासाठी कायदा लागला. गादीवरून ताई, तुमच्याकडे गादी आहे तर तुमची ती मुलगी त्यावर बसते का, की कडेला उभी राहते? उत्तर द्या, रागाने नाही विचारत.

लेकीचा_बस्ता
मला एका गोष्टीचा राग आला म्हणून लिहिते. 'ती नाही, तिच्या मागची' म्हणणं म्हणजे छळ असं सगळ्यांनी धरलंय. गेल्या वैशाखात लेकीचं लग्न केलं. बस्त्यासाठी चार वर्षं भिशी लावली होती. दोन लाख हातात घेऊन माणूस दुकानात येतो तेव्हा त्यात विहीणबाईंची साडी असते, मामीचा मानपान असतो, नणंदेला दिली त्यापेक्षा जावेला हलकी दिसता कामा नये हे असतं, आणि एक साडी चुकली तर पुढची वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतं. मी शंभर साड्या बघितल्या. हो बघितल्या. उन्हात पदर धरून बघितला, आतल्या ट्यूबलाइटमध्ये सगळे हिरवे एकसारखेच दिसतात. शंभरावी घेतली. त्यात मी कुणाचा अपमान केला?

तो दाखवणारा काका सत्तर वर्षांचा असेल, एकदाही वैतागला नाही, उलट म्हणाला, वहिनी, ही नको, हिचा जरीकाठ काळा पडेल. त्याला मी लग्नाची पत्रिका दिली, आला जेवायला. दुकानात असा माणूस असला की गिऱ्हाईक ओरडत नाही. माणसं समोरच्याने कंटाळून दिलेलं बघून चिडतात, असा माझा अनुभव.

बारा_तास_उभी
ताई, शंभर साड्या बघा की, कुणी नाही म्हणत नाही, तेच तर काम आहे. पण ते काका बसून दाखवत होते ना? नक्की बसूनच असणार. मला बसू दिलं असतं तर मीही सांगितलं असतं जरीकाठ काळा पडेल म्हणून.

गादीवरून
सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

पावती_जपून, तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते, त्या हळू आवाजात आल्या असत्या तर पैसे मिळाले नसते, बदलून दुसरी साडी घ्या म्हटलं असतं. यावर मला उत्तर नाही. आमच्याही बिलामागे ते जुनं वाक्य छापलेलं आहे, काल काढून बघितलं. नवीन बिलबुकं छापायला टाकतेय, त्यात खराब निघालेला माल किती दिवसांत परत आणि न आवडलेला बदलून मिळेल की नाही ते वेगवेगळं लिहिणार.

बारा_तास_उभी, गादीवर बाबा, काका आणि दोन जुने सेल्समन बसतात. मुली कडेला उभ्या राहून कपाटातून साड्या काढून देतात आणि नंतर घड्या घालतात. मला हे आजपर्यंत दिसलंच नव्हतं, रोज तिथे असून. घड्या बसूनही घालता येतात.

बाबांशी परत बोलले. आज सकाळी दुकान उघडल्यावर ते तिला म्हणाले, परत आलेली साडी असली की मला हाक मार, तू बोलू नकोस, मी बघतो. ती हो म्हणाली. बाबांना वाटतं विषय संपला. मला तसं वाटत नाही, त्यांनी सगळ्यांसमोर तिला सॉरी म्हणायला लावलं होतं आणि हे मात्र कपाटामागे जाऊन सांगितलं. रात्री जेवताना परत काढणार आहे.

पावती_जपून
काढाच. आणि नियम छापाल तेव्हा बिलाच्या मागे बारीक अक्षरात नको, पुढे, रकमेच्या खाली छापा. मी पुढच्या वेळी त्या कुर्त्याच्या दुकानदाराला नेऊन दाखवतो. नाहीच ऐकलं तर १९१५ ला फोन करणार आहे, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे तो, आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी पण लागत नाही. तिथल्या पोराशी भांडणार नाही आता.